चौघं एका खोलीत : फॅमिली थेरपीचं परीक्षण

मुलाला आत घेऊन, आईबाबांना बाहेर बाकावर बसवून होतं ते समुपदेशन. चौघांना एका खोलीत बसवून होते ती फॅमिली थेरपी. पाटीवर दोन्हींना बऱ्याचदा एकच नाव असतं, म्हणून पैसे भरण्याआधी एवढंच तपासायचं : सेशनमध्ये घरातली माणसं एकमेकांशी बोलतात, की आळीपाळीने फक्त थेरपिस्टशी? दुसरा प्रकार असेल तर ती तक्रारींची सुनावणी झाली. ती घरी सोफ्यावरही होते, फी न भरता.

खाली वेगवेगळ्या पद्धती याच कसोटीवर तपासल्या आहेत. आपल्याकडे बहुतेक थेरपिस्ट एकाच पद्धतीला चिकटून राहत नाहीत, चार ठिकाणचं घेऊन काम करतात. त्यात वावगं काही नाही. फक्त कुठलं काय आणि कशासाठी घेतलं हे त्यांना सांगता आलं पाहिजे.

साधारण बेत असा असतो : एक सेशन ६० ते ९० मिनिटांचं, सुरुवातीला दर आठवड्याला, नंतर पंधरा दिवसांनी. पहिली दोन-तीन सेशन घर समजून घेण्यात जातात. आठ ते बारा सेशनमध्ये बरीच कामं उरकतात. पाचव्या-सहाव्या सेशनपर्यंत घरात काहीच हललं नसेल, तर थेरपिस्टने स्वतःहून विषय काढायला हवा. नाही काढला तर तुम्ही काढा.

सुरुवात स्ट्रक्चरल पद्धतीपासून, कारण घरात कोणाचं चालतं हा प्रश्न ती थेट हातात घेते. साल्वादोर मिनुचिन हे अर्जेंटिनात जन्मलेले मानसोपचारतज्ज्ञ. न्यूयॉर्कजवळच्या विल्टविक शाळेतल्या गरीब मुलांच्या घरांबरोबर काम करताना आणि पुढे फिलाडेल्फियाच्या बालमार्गदर्शन केंद्रात त्यांनी ही पद्धत घडवली. ती घर दुरून ऐकत नाही, घडताना बघते. दहावीतल्या मुलाच्या मोबाइलचा प्रश्न घ्या. आई थेरपिस्टला सांगायला लागते, ‘मॅडम, हा रात्री दोनपर्यंत...’ थेरपिस्ट तिला तिथेच थांबवते. ‘हे मला नका सांगू, बाबांना सांगा. मोबाइल किती वाजता बंद करायचा ते तुम्ही दोघांनी आत्ता इथेच ठरवा. आम्ही ऐकतो.’ अर्ध्या मिनिटात आई मुलाकडे वळते : ‘बघ, तुझे बाबा काही बोलतच नाहीत.’ सगळा आजार या एका वाक्यात दिसला. नवराबायकोचं बोलणं मुलामार्फत चालतं, आणि मुलाला त्यातून हवी तेवढी पळवाट मिळते. थेरपिस्ट हाताने खूण करते, ‘त्याच्याकडे नको, बाबांकडे.’ तेवढ्यात आजी म्हणते, ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं.’ ‘आजी, तुमचं मला नंतर ऐकायचंच आहे. पाच मिनिटं थांबाल?’ मग खुर्च्या हलतात : आईबाबा समोरासमोर, मुलगा आजीच्या शेजारी.

याला एनॅक्टमेंट म्हणतात. पाच ते दहा मिनिटं पुरतात. ते तीन तऱ्हांनी बिघडतं. एक, घरच्यांशी ओळख होण्याआधी, पहिल्याच दहा मिनिटांत ते लावलं तर बाबांना परीक्षेला बसवल्यासारखं वाटतं आणि पुढच्या वेळी ते ‘मीटिंग आहे’ म्हणून येत नाहीत. दोन, आवाज चढला की थेरपिस्ट घाबरून मध्ये पडतो, म्हणजे मुलाची जागा आता तो घेतो. तीन, वीस-वीस मिनिटं चालू देतो आणि जुनी सगळी उणीदुणी निघतात. हे करताना थेरपिस्टने तोंड बंद ठेवायचं असतं. नवख्याला नेमकं तेच जड जातं.

या पद्धतीवरचा आक्षेपही इथेच नोंदवायला हवा. तिच्या भाषेत ‘गुंतागुंतीचं’ घर (सगळे एकमेकांत अडकलेले) आणि ‘सुटं’ घर (कोणाचा कोणाला पत्ता नाही) अशी टोकं आहेत, आणि पुस्तक पाठ केलेला थेरपिस्ट आपल्याकडच्या निम्म्या घरांवर पहिला शिक्का मारून मोकळा होतो. नातू आजीजवळ झोपतो, सुनेचा पगार सासूबाईंच्या कपाटात राहतो, एवढ्यावरून निदान होत नाही. नातवाला ताप आल्यावर डॉक्टरकडे कधी न्यायचं हे त्याचे आईबाप ठरवू शकतात का? ठरवू शकत असतील तर आईबाप आणि बाकीचं घर यांच्यातली सीमा जागेवर आहे, ती फक्त परदेशी चित्रातल्यासारखी दिसत नाही. पाचपैकी चार गुण. वयात येणाऱ्या मुलांच्या घरी साडेचार.

दुसरी पद्धत इटलीतल्या मिलानची. मारा सेल्विनी पालाझोली आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी ती १९७०च्या दशकात उभी केली. एकतर्फी काचेमागे सहकारी बसायचे, मध्ये सुट्टी घेऊन चर्चा व्हायची आणि घराला निरोप दिला जायचा. सेशन महिन्यातून एकदा. काचेची खोली आपल्याकडे प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांबाहेर क्वचितच सापडते आणि तिच्यावाचून अडतही नाही. पुढे नॉर्वेत टॉम आंडेरसन यांनी काचेमागच्या मंडळींना घरासमोरच चर्चा करायला लावलं, तो भाग जास्त माणुसकीचा. पण मिलानच्या मंडळींची खरी देणगी म्हणजे त्यांचे प्रश्न, आणि ते मराठी घरात फार चांगले चालतात.

कारण साधं आहे. सासूबाई शेजारी बसलेल्या असताना ‘तुम्हाला काय त्रास होतो?’ असं सुनेला विचारलं तर उत्तर ठरलेलं : ‘तसं काही नाही.’ मिलानची पद्धत तोच प्रश्न फिरवून तिसऱ्याला विचारते. मुलीला : ‘आजी गप्प झाली की घरात सगळ्यांत आधी कोणाच्या लक्षात येतं? मग ती व्यक्ती काय करते? तेव्हा बाबा कुठे असतात?’ बाबांना : ‘दादा नोकरीला बंगळुरूला गेला तर सगळ्यांत जड कोणाला जाईल? त्यानंतर कोणाला?’ आजीला : ‘आजोबा होते तेव्हा ही भांडणं अशीच व्हायची, की वेगळी?’ कोणी कोणावर आरोप केला नाही, पण घरातली साखळी फळ्यावर मांडावी तशी मांडली गेली. आपल्याला दुसऱ्याविषयी बोलायला कोणी सांगावं लागत नाही, त्याचा इथे निदान उपयोग होतो.

हे कुठे घसरतं? ‘का’ने सुरू होणारे प्रश्न वाढले की चौकशी सुरू झाल्यासारखं वाटतं. आणि मुलाला साक्षीदार करणं हा तर गुन्हाच : ‘आई जास्त ओरडते की बाबा?’ हे विचारायचंच नाही. गाडीत बसल्यावर त्या उत्तराचा हिशेब होतो. त्याऐवजी ‘आवाज वाढले की तू कुठे जातोस?’ उत्तर येतं ‘गॅलरीत’, आणि आईबाप दोघंही खाली बघतात. हे नीट करणारा थेरपिस्ट मिळाला तर पाचपैकी साडेचार.

मरी बोवेन यांनी १९५०च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत अख्खी कुटुंबं रुग्णालयात दाखल करून घेतली होती. त्यांच्या विचारातून आलेलं आणि आज सर्वत्र वापरलं जाणारं साधन म्हणजे जीनोग्राम, तीन पिढ्यांचा नकाशा. एक मोठा कागद, निदान ए-थ्री आकाराचा. पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ. जोडप्यात नवरा डावीकडे, बायको उजवीकडे, आणि मुलं थोरल्यापासून डावीकडून उजवीकडे. मृत्यूला फुली. वेगळं राहत असतील तर जोडरेषेवर एक तिरपी रेघ, घटस्फोटाला दोन. भांडणाच्या नात्यात नागमोडी रेघ. एक अख्खं सेशन यात जातं आणि जायलाच हवं.

मराठी घराचा नकाशा काढताना दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे माहेरची बाजू अर्धी रिकामी राहते. वडिलांकडच्या चार काकांची नावं, नोकऱ्या, गावची वाटणी सगळं येतं, आईकडचा फक्त ‘एक मामा’. आईला वेगळं विचारावं लागतं, आणि तेही नवरा तिच्या वतीने उत्तर देत नसताना. दुसरी, नावं. जुन्या पिढीत लग्नानंतर पहिलं नावही बदलायची पद्धत होती, त्यामुळे आजीचं माहेरचं नाव विचारलं की खोलीतली हवा बदलते, नातवंडांनी ते कधी ऐकलेलंच नसतं. तारखा मात्र काटेकोर हव्यात : कोण कधी गेलं, घर कधी बदललं, वाटणी कधी झाली, मुलगी शाळेत जायचं कधीपासून टाळायला लागली. शेवटच्या दोन तारखा एकमेकींना खेटून निघाल्या तर पुढची चार सेशन कशावर घ्यायची ते ठरलं. नुसता नकाशा काढून फाइलला लावणारे पुष्कळ आहेत. ते पैसे वाया.

बोवेन पद्धतीचा दुसरा फायदा : एकट्या माणसाबरोबरही ती चालते. ‘नवरा यायलाच तयार नाही’ ही इथली कायमची अडचण असल्याने हा गुण मोठा. एकट्या येणाऱ्या बाईला ‘तुम्ही कधी वेळेवर सांगतच नाही’ हे वाक्य बदलायला शिकवतात : ‘पाहुणे येणार हे मला आदल्या दिवशी कळलं तर मी स्वयंपाक करीन. नाहीतर बाहेरून मागवू.’ आरोप नाही, विनवणी नाही, आपण काय करणार एवढंच. आठवडाभर घर जास्तच बिथरतं, नणंदेचे फोन येतात, ‘वहिनीला काय झालंय?’ याची आगाऊ कल्पना थेरपिस्टने दिली नसेल तर बाई दुसऱ्याच आठवड्यात माघार घेते.

स्ट्रॅटेजिक पद्धतीबद्दल थोडक्यात. यात थेरपिस्ट घराला काय करायचं त्याच्या नेमक्या सूचना देतो. अमेरिकेतले थेरपिस्ट जे हेली यांचं यात नाव मोठं आहे, पण उलट्या सूचना (‘या आठवड्यात मुद्दाम भांडा’) विकत घेऊ नयेत. थेरपिस्ट मुरलेला नसेल तर घराला चेष्टा वाटते. घरात मारहाण, आत्महत्येचे विचार किंवा व्यसन असेल तर त्या धोकादायक आहेत. या पद्धतीची एकच गोष्ट उचलण्यासारखी, ती म्हणजे काटेकोर गृहपाठ. ‘जरा एकमेकांशी बोलत जा’ हा गृहपाठ नव्हे. ‘मंगळवार आणि शुक्रवार, रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटं, फक्त तुम्ही दोघं, गच्चीत, मोबाइल खाली. विषय पैशांचा. पंधरा मिनिटं झाली की अर्धवट राहिलं तरी उठायचं’ हा गृहपाठ. पुढच्या सेशनची पहिली दहा मिनिटं त्यावर गेली नाहीत तर तो दिलाच नव्हता असं समजा.

व्हर्जिनिया सॅटिर यांची ‘मूर्ती’ करण्याची पद्धत, म्हणजे घरच्यांना एकमेकांपासून किती अंतरावर आणि कोणत्या पवित्र्यात उभं करायचं ते एकाने ठरवायचं. तरुण मुलांना मजा येते. सासरे आणि सून एका खोलीत असताना हात धरून उभं करणं मात्र अवघडल्यासारखं होतं. शहाणे थेरपिस्ट कॅरमच्या सोंगट्या टेबलावर मांडायला देतात. राणी कोणाला केलं ते बघण्यासारखं असतं.

सोल्युशन फोकस्ड, म्हणजे प्रश्नापेक्षा उपायावर भर देणारी पद्धत अमेरिकेतल्या मिलवॉकीत स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग यांनी १९७८ पासून विकसित केली. तीन ते सहा सेशनमध्ये आटपते, म्हणून गर्दीच्या ओपीडीला सोयीची. तिचा प्रसिद्ध चमत्काराचा प्रश्न मराठीत जसाच्या तसा विचारला की फसतो. ‘समजा आज रात्री चमत्कार झाला’ म्हटलं की आई म्हणते, ‘स्वामींची कृपा झाली तर तो सुधारेल.’ पुढे काही नाही. हाच प्रश्न चहाच्या वेळेवर आणावा लागतो : ‘उद्या सकाळी चहाला बसलात आणि सगळं सुरळीत आहे. पहिली कोणती गोष्ट वेगळी दिसेल?’ ‘तो नीट वागेल.’ ‘म्हणजे काय करताना दिसेल?’ ‘स्वतःहून उठलेला असेल. कप उचलून मोरीत ठेवेल.’ इथे कुठे धरायला काही मिळालं. मग शून्य ते दहाची मोजपट्टी : आज तीन असेल तर चार कसं दिसेल, आणि तीन तरी कशामुळे आहे, दोन का नाही? दुःख ताजं असेल, मृत्यू झालेला असेल, तिथे ही पद्धत कोरडी पडते. तीन गुण.

ॲडलेडचे मायकेल व्हाइट आणि न्यूझीलंडचे डेव्हिड एप्स्टन यांची नॅरेटिव्ह पद्धत लहान मुलांसाठी घ्यावी. ती प्रश्नाला माणसापासून वेगळा काढते. मुलगा ‘रागीट’ नाही, राग बाहेरून येतो. ‘तो साधारण किती वाजता येतो? कोण त्याला दार उघडतं? कोणी त्याला कधी परत पाठवलंय?’ सहा-सात वर्षांचं पोर रागाचं चित्र काढतं, नाव ठेवतं, आणि आई पहिल्यांदाच मुलाच्या बाजूने उभी राहून त्या चित्राकडे बघते. बायकोवर हात उगारणाऱ्या पुरुषाबरोबर मात्र हे वापरू नये. ‘मी नाही, माझ्या रागाने मारलं’ अशी सबब आयती हातात पडते.

आता दोन खास सेवा. दोन्हींची जाहिरात कमी होते, काम मात्र जास्त.

पहिली ॲनोरेक्सियासाठीची (खाणं टाळून वजन घटवत नेण्याचा आजार), लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात सुरू झालेली. सहा महिने ते वर्ष, सुमारे वीस सेशन, तीन टप्पे : आधी खाण्याची सूत्रं पूर्णपणे आईबाबांच्या हाती, मग हळूहळू मुलीकडे परत, शेवटी वयाच्या इतर प्रश्नांकडे. प्रत्येक सेशनच्या सुरुवातीला वजन. दुसऱ्या सेशनला घरून डबा आणायला सांगतात, मुलीचं वजन वाढेल असा, आणि सगळे तिथेच जेवतात. आई नकळत स्वतःच्या हाताने डब्यातला भात कमी करते, तूप वगळते, ‘हे ती खाईल तरी’ म्हणून. आजार आईच्या हातातूनही काम करतो, हे तेव्हा दिसतं. मग दोघांनी तिच्या दोन बाजूंना बसून, न ओरडता, न विनवता, तिने ठरवलेल्यापेक्षा एक घास जास्त भरवायचा. एकच. बाबा म्हणतात ‘राहू दे आता’ आणि आई म्हणते ‘अजून थोडं’, तिथे डाव मोडतो. दोघांचं वाक्य एक असणं हेच औषध. वजन फार घसरलेलं असेल, नाडी मंद असेल, चक्कर येत असेल तर आधी रुग्णालय, थेरपी नंतर.

दुसरी म्हणजे स्किझोफ्रेनियासारख्या आजारात घराला दिलं जाणारं शिक्षण. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि पुढे व्हॉन व लेफ या संशोधकांनी दाखवलं की घरात टीका, वैरभाव किंवा अति काळजी जास्त असेल तर आजार उलटण्याचं प्रमाण वाढतं, त्यातही त्या नातेवाइकाचा सहवास आठवड्याला ३५ तासांपेक्षा जास्त असेल तर अधिकच. हेच मोजमाप चंडीगडला झालं तेव्हा तिथल्या घरांत टीका लंडनपेक्षा कमी आढळली. त्याच्याही आधी, १९५०च्या दशकात, अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून रुग्णाबरोबर राहू दिलं होतं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेचा कौटुंबिक मानसोपचार विभाग कुटुंबालाच दाखल करून घेतो. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये व्यसनाच्या उपचारांत घरच्यांचा सहभाग हा मुख्य भागच आहे. म्हणजे ही बाब परदेशातून आयात झालेली नाही.

यात थेरपिस्ट काय शिकवतो? आजाराची खूण आणि आळस यांतला फरक, गोळ्या कोण देणार, झोप उडणं यासारखी पहिली लक्षणं कोणती. आणि प्रश्न सोडवायची सहा पावलं : प्रश्न एका वाक्यात लिहायचा, सुचतील ते सगळे उपाय, वेडगळही, कागदावर, प्रत्येकाचे फायदे-तोटे, एक निवडायचा, कोण-कधी-काय ते ठरवायचं, आठवड्याने तपासायचं. यात रोमांच काही नाही, म्हणून हे कोणी मिरवत नाही. आमचे पाचपैकी पाच.

सेवा विकत घेताना अटी विचारून घ्या. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असल्याचं सांगितलं तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा, मानसोपचारतज्ज्ञ असतील तर वैद्यकीय परिषदेचा. नुसतं ‘काउन्सेलर’ हे नाव कोणीही लावू शकतं, तेव्हा फॅमिली थेरपीचं प्रशिक्षण कुठे झालं आणि सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी थेरपिस्टची देखरेख, कोणाची, हे विचारायला लाजू नका. फी सेशनची की माणशी? एकाने दांडी मारली तर सेशन होणार का?

सगळ्यांत महत्त्वाची अट गुपितांची. सेशननंतर नवरा व्हॉट्सॲपवर लिहितो, ‘हिला सांगू नका, पण...’ थेरपिस्टने ते वाचून मनात ठेवलं की पुढच्या वेळी तो एका बाजूचा माणूस झालेला असतो. चांगले लोक पहिल्याच दिवशी सांगतात : वेगळं कळवलेलं मी खोलीत आणायला सांगेन, जीवाचा धोका असेल तेवढाच अपवाद. मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पोक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना द्यावीच लागते, हेही आधीच सांगितलेलं बरं.

घरात मारहाण चालू असेल तर दोघांना एकत्र बसवू नये. सेशनमध्ये मार खाणारी बायको खरं बोलते आणि घरी गेल्यावर त्याची किंमत मोजते. पहिल्या भेटीत प्रत्येकाशी दहा मिनिटं वेगळं बोलून हे विचारणारा थेरपिस्ट निवडा. न विचारणारा वगळा. तातडीने बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं. पण तो आधार आहे, फॅमिली थेरपी नव्हे.

ऑनलाइन सेशन चालतात, फक्त बैठक नीट हवी. घरातले सगळे एकाच स्क्रीनसमोर, लॅपटॉप टेबलावर इतका दूर की सगळ्यांचे चेहरे आणि हात दिसतील. मोबाइल कोणाच्या हातात नको, कारण ज्याच्या हातात मोबाइल तो सूत्रधार होतो. पुण्यातले आईबाबा आणि न्यू जर्सीतला मुलगा असं असेल तर आईबाबांनी तरी वेगवेगळ्या खोल्यांतून जोडून घेऊ नये. बाबा बेडरूममधून, आई स्वयंपाकघरातून, मध्ये कुकरची शिट्टी, असं सेशन लागलं तर तिथेच थांबवून दोघांना एका खोलीत यायला सांगणारा थेरपिस्ट पैसे घेण्यालायक आहे.